कृपासदनाची माउली: पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत विरळाच. कोणी त्यांस मुक्तिसदनाच्या संस्थापिका म्हणून ओळखतात, कोणी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करणाऱ्या विदुषी म्हणून. परंतु त्यांच्या आयुष्याचा एक भाग असा आहे की, तो सभेत सांगावयास आम्ही संकोचतो. ज्या मुलींवर व स्त्रियांवर पुरुषांनी बळजबरी केली, ज्यांस फसवून नासविले, आणि त्यानंतर ज्यांच्या तोंडावर घरानेही दार लावले, अशांस बाईंनी आपल्या पदराखाली घेतले. त्याच कार्याचे वृत्त आज देण्याचे आम्ही योजिले आहे. कारण हे दुःख केवळ गतकाळचे नव्हे, हे प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नामक अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविले, म्हणून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. तीच विद्या मातेने रमेस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत असे. पुढे दुष्काळ पडला, जवळचे सर्व संपले, आणि 1874 साली वडील व आई थोड्याच अंतराने उपासमारीने गेली. मागून थोरली बहीणही गेली. सोळा वर्षांची रमा व तिचा भाऊ श्रीनिवास अनवाणी, अर्धपोटी, शेकडो कोस चालत राहिली. भुकेली व निराधार मुलगी कोणकोणत्या संकटांच्या तोंडी असते, हे बाईंस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तीस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1881 च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पती पटकीने मरण पावले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्हे मूल, माहेर नाही, सासर नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

त्या पुण्यास आल्या व तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण मंडळापुढे त्यांची साक्ष झाली. ह्या देशातील स्त्रिया आपले दुखणे पुरुष वैद्यास सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून स्त्रियांस वैद्यकी शिकवावी व शाळांवर स्त्रिया नेमाव्यात, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. लज्जेने तोंड बंद झालेल्या स्त्रीस बोलती करावयाची असेल तर ऐकणारीही स्त्रीच पाहिजे, हे मर्म त्यांस तेव्हाच कळले होते.

तथापि वाचकहो, एका गोष्टीत बाईंचेही अंतःकरण तोवर कठोर होते, व हे त्यांनी पुढे स्वतःच उघडपणे लिहून ठेविले आहे. जी स्त्री एकदा कलंकित झाली ती दयेस पात्र नाही, तिच्या सावलीसही उभे राहू नये, असेच त्यांस लहानपणापासून शिकविले गेले होते. 1883 साली त्या इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहावयास गेल्या. तेथून त्यांस लंडन शहरी फुलहॅम येथे पाठविण्यात आले. त्या ठिकाणी मठाच्या भगिनी अशाच स्त्रियांचा सांभाळ करीत होत्या. ज्यांस जगाने लाथाडले, त्यांस ह्या कुलीन स्त्रिया हाताने जेवू घालीत, शुश्रूषा करीत, काम शिकवीत. आणि त्या स्त्रिया सुधारून दुसऱ्या दुःखितांची सेवा करावयास लागलेल्या बाईंनी डोळ्यांनी पाहिल्या. हे पाहून त्या थक्क झाल्या. ही दया येते कोठून, असे त्यांनी एका भगिनीस विचारले. तिने शोमरोनी स्त्री व प्रभु येशू ह्यांची विहिरीवरील भेट योहानाच्या शुभवर्तमानातून वाचून दाखविली. ज्या स्त्रीशी गावातील कोणी बोलेना, तिच्याकडे प्रभूने पाणी मागितले, हे बाईंच्या काळजास भिडले. 29 सप्टेंबर 1883 रोजी माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे बाईंस ख्रिस्ताकडे नेणाऱ्या वाटेवर ह्या गांजलेल्या स्त्रियाही उभ्या होत्या, हे आम्ही विसरू नये.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ह्या कामात महाराष्ट्र अगदीच निजला नव्हता. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी 1863 सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून, फसविल्या गेलेल्या विधवांस गुप्तपणे बाळंत होण्यास आश्रय दिला होता. दया ही कोणा एका समाजाची मिरास नव्हे. ज्यास ती मिळाली त्याने ती द्यावी, इतकेच.

1886 साली बाई डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी रखमाबाईंची हकीकत जगापुढे मांडली. लहानपणी लग्न लावून दिलेल्या त्या मुलीने नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले, म्हणून कोर्टाने तीस नांदण्यास जाण्याचा अथवा तुरुंगवास भोगण्याचा हुकूम केला होता. विवाह झाला म्हणजे स्त्रीचे शरीर तिचे राहत नाही, ह्या समजुतीवर बाईंनी घाव घातला. स्वदेशी परतून 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले.

1895 च्या सुमारास त्या गरीब यात्रेकरणीचा वेष घेऊन वृंदावनास गेल्या. धर्माच्या नावाखाली तेथे आणलेल्या तरुण विधवांची कशी विटंबना होते, हे त्यांनी स्वतः पाहिले. दुरून ऐकून लिहिणे निराळे व जाऊन पाहणे निराळे. 1896 साली मध्यप्रांतात घोर दुष्काळ पडला, तेव्हाही त्या स्वतः निघाल्या. अन्नछत्रांभोवती व दुष्काळी कामांवर आईबापांवेगळ्या मुली भटकत होत्या, आणि त्यांस मूठभर धान्याचे आमिष दाखवून नेणारे दलाल व कुंटिणी गिधाडांप्रमाणे टपून होत्या. आपले बाळपण बाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेगामुळे इतक्यांस ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून त्यांस दौंडच्या वाटेवरील केडगावी आपल्या शेतावर नेले. हेच मुक्तिसदन होय. शारदा सदनातील शिकलेल्या मुलींनी ह्या नव्या लेकरांस न्हाऊमाखू घातले, त्यांची दुखणी काढली. काल ज्या स्वतः निराधार होत्या, त्याच आज आया झाल्या.

1897 साली पुण्याच्या प्लेगाच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, आपल्या सदनातून तेथे गेलेली एक मुलगी आपणास परत मिळाली नाही, असे बाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रात आपल्या सहीने लिहिले. मुंबई सरकारने त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. सरकारची मर्जी राखणे त्यांच्या संस्थेस सोयीचे होते. परंतु एका मुलीसाठी त्यांनी ती मर्जी गमावण्याचे पत्करले. वाचकहो, एका मुलीसाठी! मंडळीचे नाव खराब होईल म्हणून आम्ही जेव्हा तोंड मिटतो, तेव्हा हे आम्हांस आठवावे.

1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांत कित्येक अशा होत्या की, ज्यांवर वाटेत अत्याचार झाले होते, कोणी गर्भवती, कोणी रोगाने जर्जर. ह्यांच्यासाठी बाईंनी कृपासदन हे निराळे घर उभारले. नावातच त्यांचे मत आहे. त्या काळच्या भाषेत अशा स्त्रियांस पतित म्हणत. परंतु जी पडली ती निराळी, व जिला पाडले ती निराळी. आणि कृपासदनाचे दार दोघींसही सारखेच उघडे होते. आत आलेलीस प्रथम अन्न, औषध व निजावयास निर्धास्त जागा मिळे. मग अक्षरओळख, व मग हातास काम. मुक्तिसदनात शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, गाईगुरे व छापखाना असे अनेक उद्योग होते. आंधळ्यांसाठी बर्तिमी सदन व वृद्धांसाठी प्रीती सदन होते. स्वतःच्या कमाईची भाकरी खाणारी स्त्री पुन्हा कोणाच्या जाळ्यात सहज सापडत नाही, हे बाईंनी ओळखले होते. पवित्र शास्त्राचे त्यांचे भाषांतरही ह्याच सदनाच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले. जगाने ज्या हातांस विटाळ मानले, त्यांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळविले!

1921 साली कन्या मनोरमा निवर्तली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे बाईंनी देह ठेविला. त्यांचे मुक्तिसदन आजही चालू आहे.

आता आमच्या मंडळ्यांविषयी दोन शब्द. दाविदाची कन्या तामार हिची गोष्ट आम्ही सर्वांनी वाचली आहे. सख्ख्या नात्यातल्याने तिच्यावर जुलूम केला, भावाने तीस गप्प राहावयास सांगितले, बाप राजा असून रागावला खरा, पण त्याने केले काहीच नाही. अशी घरे आजही आहेत. पंच बसतात, काही हजार रुपये ठरतात, अथवा ज्याने नासविले त्याच्याशीच मुलीचे लग्न लावून प्रकरण मिटविले म्हणतात. प्रकरण मिटते ते पुरुषाचे. मुलीचे तर तेथून सुरू होते. आणि पुष्कळदा अपराधी परका नसतो. तो चुलता, शेजारी, शिक्षक, क्वचित मंडळीचा वडीलही असतो. म्हणून कोणास त्याच्या मानामुळे निर्दोष धरू नये.

उपदेशक बंधूंनी व बायबलबाईंनी इतके तरी ध्यानी ठेवावे. मुलगी सांगू लागली तर तीस अडवू नये, दोष देऊ नये; तू सांगितलेस हे बरे केलेस, एवढे म्हणावे. अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावे, व होईल तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी, तीस दवाखान्यात न्यावे; कारण गर्भ राहू नये म्हणून व काही रोग जडू नयेत म्हणून जी औषधे आहेत, ती बहात्तर तासांच्या आत द्यावी लागतात. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही दवाखान्याने अशा रुग्णास विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, व जबानी स्त्री अधिकाऱ्यानेच घ्यावयाची असते. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ज्यास कळले त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. लपविणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. मुलांसाठी 1098 व स्त्रियांसाठी 181 हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणखी एक. अशा मुलीचे नाव घेऊन सभेत मोठ्याने प्रार्थना करू नये. हेतू चांगला असला तरी त्या प्रार्थनेने गावभर बोभाटा होतो. तिच्यासाठी आपल्या खोलीत, दार लावून प्रार्थना करावी. आणि मग उठून दार उघडावे, व तीस पूर्वीप्रमाणेच पंक्तीस बसवावे, शाळेस पाठवावे, गाणाऱ्यांत उभे करावे.

विहिरीवर एकट्या आलेल्या स्त्रीशी प्रभु बोलला. ते बोलणे ऐकून रमाबाई उठल्या, आणि त्यांच्यामागे हजारो लेकी उठल्या. आमच्या गावच्या विहिरीवरही कोणी एकटीच उभी असेल. तिच्याशी प्रथम कोण बोलणार?