रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ डिझेल (१८ मार्च, इ.स. १८५८, पॅरिस, फ्रान्स – २९ सप्टेंबर, इ.स. १९१३) हे जर्मन अभियंता व डिझेल इंजिनाचे जनक होते.

जीवन
त्यांचे आईवडील मूळचे बव्हेरियाचे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. म्युनिक येथे कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकताना, वाफेच्या इंजिनात बहुतांश उष्णता वाया जाते, हे त्यांच्या मनावर ठसले. हवा अतिशय दाबून तापवावी आणि तीत सोडलेले इंधन ठिणगीविना पेटावे, ही त्यांची कल्पना होती. ऑग्सबर्ग येथे १८९३ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. १८९७ मध्ये इंजिनाने सुमारे २६ टक्के कार्यक्षमता गाठली.

पर्यायी इंधने
१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले. पुढे डिझेल यांनीही अशा चाचण्या केल्या. वनस्पती तेलांना कालांतराने खनिज तेलाइतके महत्त्व येऊ शकेल, असे मत त्यांनी १९१२ मध्ये मांडले; परंतु स्वस्त खनिज तेलापुढे ते मागे पडले.

मृत्यू
आर्थिक विवंचनेत असताना, अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात आढळला. मृत्यूचे कारण निर्विवादपणे ठरलेले नाही.

वारसा
वनस्पती तेल दाट असल्याने त्यावर मिथेनॉलची प्रक्रिया करून बायोडिझेल बनवितात. रत्नागिरीसह कोकण किनाऱ्यावर वाढणाऱ्या, एकेकाळी दिव्यासाठी तेल पुरविणाऱ्या करंजाच्या बियांपासून केलेल्या बायोडिझेलच्याही भारतात डिझेल इंजिनांवर चाचण्या झाल्या आहेत.