वाऱ्यावर न विसंबलेला दर्यावर्दी

सर फ्रान्सिस चिचेस्टर यांचे नाव निघाले की शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा धाडसी म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहतो. मला मात्र त्यांच्या धाडसापेक्षा त्यांची सावध, हिशेबी वृत्ती अधिक मोलाची वाटते.

त्यांचा जन्म 1901 साली इंग्लंडातील डेव्हन परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. अठराव्या वर्षी ते न्यूझीलंडला गेले. पुढे विमानविद्या शिकून 1931 मध्ये त्यांनी तेथून ऑस्ट्रेलियापर्यंतचा टास्मान समुद्र एकट्याने ओलांडला. वाटेत नॉरफोक हे इवलेसे बेट गाठणे भाग होते. नेम सरळ बेटावर धरला आणि बेट दिसलेच नाही, तर डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कळणार कसे? म्हणून त्यांनी नेम मुद्दामच एका बाजूला धरला. सूर्याची उंची मोजून ठरलेल्या रेषेवर येताच ते ठरल्या बाजूला वळले, आणि बेट सापडले.

1958 मध्ये डॉक्टरांनी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे सांगितले. पत्नी शीला यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला व शुश्रूषेने त्यांना उभे केले. दोनच वर्षांनी, 11 जून 1960 रोजी, प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंतच्या पहिल्या एकहाती शर्यतीस ते निघाले. नौका पाच, आणि प्रत्येकीवर माणूस एकच.

अटलांटिकच्या त्या भागात वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे थेट तोंडावरचा. तेव्हा नागमोडी वाटेनेच पुढे सरकावे लागते. झोपेच्या वेळी सुकाणू कोणी धरावे? चिचेस्टर यांनी वाऱ्याने फिरणारे एक छोटे शीड सुकाणूला जोडले होते. ते नौकेचा वाऱ्याशी असलेला कोन कायम राखी. पण यातच मोठी फसगत आहे. वारा फिरला की नौकाही त्याच्याबरोबर फिरते. शिडे फुगलेली, चाल उत्तम, आणि दिशा मात्र भलतीच!

गाणे शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी नाही. तंबोरा उतरला की गवई नकळत त्याच्याबरोबर उतरतो. प्रत्येक सूर षड्जाशी जुळतो, पण षड्जच जागेवर नसतो. चिचेस्टर रात्री-अपरात्री उठून होकायंत्र पाहत, शिडे बदलत आणि नौका वळवून घेत. 40 दिवसांनी ते न्यूयॉर्कला पहिले पोहोचले. दुसरे आलेले हॅस्लर यांना 48 दिवस लागले. 1964 च्या शर्यतीत चिचेस्टर यांनी अटलांटिक सुमारे 30 दिवसांत ओलांडला. पण फ्रान्सचे तरुण तबार्ली त्यांच्याही पुढे गेले.

यानंतर ऑगस्ट 1966 मध्ये ते 'जिप्सी मॉथ 4' घेऊन निघाले. वाटेत फक्त सिडनीला थांबून, समुद्रावर 226 दिवस काढून, ते 28 मे 1967 रोजी प्लिमथला परतले. राणीने ड्रेकच्या तलवारीने त्यांना सरदारकी दिली.

1972 मध्ये दुखणे बळावले असतानाही ते पुन्हा त्याच अटलांटिक शर्यतीत उतरले. परंतु शरीराने साथ दिली नाही व नौका परत फिरवावी लागली. त्याच वर्षी 26 ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. अनुकूल वाऱ्यातही आपली दिशा पुन्हा पुन्हा पडताळून पाहावी, हा त्यांचा धडा समुद्र न पाहिलेल्यांनीही गाठीशी बांधावा असाच आहे.