मडकईचे आमदार : भाऊसाहेब बांदोडकर

चवथीच्या स्मरणिकेत राजकारण्यावर लेख कशाला, असा प्रश्न बैठकीत निघालाच. प्रश्न रास्त आहे. आपल्या अंकात कीर्तनकार येतात, गायक येतात, देवळांचा इतिहास येतो. मतदारसंघ आणि मतमोजणी सहसा येत नाहीत. तरी हा विषय मी हट्टाने मागून घेतला. गोव्यात राहून मराठीवर प्रेम करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्यासारख्या मंडळांना दरवर्षी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने भेटतो, आणि तो मतपेटीपुढे सर्वांत आधी ज्यांनी मांडला ते भाऊसाहेब होते. त्यांना मिळालेले उत्तर मात्र दुहेरी होते.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. आडनावात अंत्रुजातले बांदोडे, जन्म उत्तरेकडच्या पेडणे महालात. हे दोन्ही प्रदेश नव्या काबिजादीतले. तिसवाडी, बार्देश, सासष्टी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतली. फोंडा, पेडणे हे भाग अठराव्या शतकात त्यांच्याकडे आले. त्यामुळे इकडे देवळे टिकली, जत्रा टिकल्या, कीर्तने टिकली आणि त्यांच्याबरोबर पोथ्यांमधली मराठीही टिकली. भाऊसाहेब ज्या गोमंतक मराठा समाजातून आले, त्या समाजाने गोव्याला गायनवादनाची केवढी परंपरा दिली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण कलेचा मान वेगळा आणि समाजातले स्थान वेगळे, हेही त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. पुढे बहुजन समाज हा शब्द भाऊसाहेबांच्या तोंडी आला तो पुस्तकातून आलेला नव्हता.

शिक्षण बेताचे, पण व्यवहारबुद्धी तल्लख. खाण व्यवसायात ते उतरले आणि गोव्याच्या मोठ्या खाणमालकांत गणले जाऊ लागले. पैसा आला तसा हात सैल सुटला. शाळा, देवळे, गरजू विद्यार्थी, कलावंत यांना त्यांनी केलेल्या मदतीच्या गोष्टी अजूनही सांगितल्या जातात. सगळ्याच खऱ्या असतील असे नाही. दात्याभोवती अशा गोष्टी वाढतच असतात. पण ते मंत्रालयात जाण्याआधीच लोकांना त्यांच्या दाराची वाट माहीत होती, एवढे खरे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांच्या परक्या अमलानंतर, आणि शेवटच्या काळात तर सालाझारच्या हुकूमशाहीनंतर, सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना विधानसभेसाठी पहिल्यांदा मत मिळणार होते. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला आणि त्याच्या बायकोला भाटकाराइतकेच एक मत. आज हे वाक्य सहज लिहिता येते. त्या वेळी त्याचा अर्थ पुरता उमगलेली माणसे थोडी होती. भाऊसाहेब त्यांतले एक.

१९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला. नावातच मागणी होती : गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, त्यांची मागणी वेगळ्या गोव्याची. तिसरा पक्ष काँग्रेस, देशभर सत्तेवर असलेला. ९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. गोव्यातून २८, दमण आणि दीवमधून एकेक असे ३० आमदार निवडून द्यायचे होते. मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. काँग्रेसला गोव्यातून एकही नाही. तिला एकुलती जागा मिळाली ती दमणची. ज्या पक्षाच्या सरकारने गोवा मुक्त केला, त्याला गोव्याने रिकाम्या हातांनी परत पाठवले. दिल्लीला हे पचायला जड गेले.

मौज अशी की विजयी पक्षाचा नेता स्वतः त्या निवडणुकीत उभाच नव्हता. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते आमदार नव्हते. सहा महिन्यांत निवडून येणे भाग होते. त्यासाठी मडकईची जागा मोकळी करण्यात आली आणि १९६४ च्या पोटनिवडणुकीत ते विधानसभेत आले.

मडकई म्हणजे फोंडा महालातले, जुवारीच्या काठचे गाव. नवदुर्गेचे देऊळ, खाजन शेती, माडापोफळीची कुळागरे. कसणारे बरेचसे कुळे, जमीन दुसऱ्याची. मुख्यमंत्र्यासाठी सुरक्षित जागा म्हणून मडकई निवडली गेली असेल, तरी भाऊसाहेबांच्या राजकारणाला तिच्याइतकी जुळणारी जागा शोधून सापडली नसती. त्यांनीही पुन्हा मतदारसंघ बदलला नाही. १९६७ आणि १९७२ साली ते मडकईतूनच निवडून आले आणि मडकईचे आमदार म्हणूनच गेले.

विलीनीकरणाची ओढ केवळ भाषेची होती असे मानणे चुकीचे ठरेल. भाषा होतीच. पण गावच्या कुळाला दिसत होते ते असे : गोवा वेगळा राहिला तर तो पुन्हा मूठभर भाटकारांच्या आणि शिकलेल्या घराण्यांच्या हाती जाईल, महाराष्ट्रात गेला तर तिथले कूळ कायदे, तिथल्या शाळा, तिथला बहुजन समाज आपल्या पाठीशी येईल. १९६४ साली भाऊसाहेबांच्या सरकारने कूळ कायदा केला, कुळांना जमिनीवर संरक्षण मिळाले आणि खंडावर मर्यादा आली. स्वतः धनिक असलेल्या माणसाने धनिकांच्या विरोधात केलेला हा कायदा. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज अमलात ज्या घरांत कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरांतल्या मुली दप्तर घेऊन बाहेर पडू लागल्या. त्यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे काम, असे माझे मत आहे.

विलीनीकरणाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे सरळ होते. निवडणूक याच प्रश्नावर लढवली, लोकांनी बहुमत दिले, आता विधानसभेने ठराव करावा आणि केंद्राने तो मान्य करावा. १९६५ च्या जानेवारीत तसा ठराव विधानसभेने केलाही. विरोधकांचे म्हणणे असे की आमदार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य कायमचे ठरवणे वेगळे. त्यासाठी लोकांना थेट विचारले पाहिजे. सिक्वेरांनी हा आग्रह लावून धरला, काँग्रेसच्या पुरुषोत्तम काकोडकरांनी दिल्लीत आपले वजन खर्च केले. अखेर संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून सरकारने आधी सत्ता सोडावी, ही अटही भाऊसाहेबांनी पत्करली. ३ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे सरकार पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. हातची सत्ता सोडून मतदाराला सामोरे जाणारे मुख्यमंत्री आपण त्यानंतर किती पाहिले, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

१६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहणे. आमच्याच घरात वडिलांचे फूल होते आणि धाकट्या काकांची दोन पाने. दोघे एकाच पंक्तीला जेवायचे, पण त्या महिनाभर आईने दोघांच्या मध्ये मला बसवले होते, एवढे मला आठवते. दोघेही घरात मराठी वर्तमानपत्रच वाचत, फक्त वर्तमानपत्रे वेगळी. वडिलांचा विलीनीकरणवादी ‘गोमंतक’, काकांचा मडगावचा ‘राष्ट्रमत’. विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत धारदार लेखणी मराठीतच चालत होती, ‘राष्ट्रमत’मधल्या उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ सदरात. ही गोष्ट आज सांगितली तर तरुणांना नवल वाटते. मराठी वाचणारा तो विलीनीकरणवादी, असे सरळ गणित तेव्हाही नव्हते.

३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. गोवा वेगळा राहिला, ३४,०२१ मतांनी.

असे का झाले? ख्रिस्ती समाज बहुतांशी विलीनीकरणाच्या विरोधात होता हे कारण सगळे सांगतात, आणि ते खरे आहे. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. हिंदूंचीही पुष्कळ मते दोन पानांना गेली. मोठ्या राज्याच्या टोकाचा एक लहानसा जिल्हा होऊन पडण्याची भीती होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती आणि इकडे माडाच्या सुरेवर हजारो घरे चालत. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी नाराजी होती. नोकरीची वाट पाहणाऱ्या शिकलेल्या गोवेकराला ती जागा आपली वाटे. ही नाराजी भाऊसाहेबांच्याच सरकारने ओढवून घेतलेली होती. विलीनीकरण आल्यावर काय होईल याची चव लोकांना आधीच मिळाली आणि काहींना ती आवडली नाही. त्यांच्या राजकारणातली ही मोठी चूक होती, असे त्यांचा चाहता असूनही मला वाटते.

शिवाय मोजणीचा प्रकारही लक्षात घ्यायला हवा. विधानसभेला २८ मतदारसंघ आणि एकेका जागेवर तीनतीन चारचार उमेदवार; तिथे निम्म्याहून कमी मते घेऊनही जागा पदरात पडते. कौलात सगळा गोवा हाच एक मतदारसंघ आणि पर्याय दोनच. फुलाला साडेचव्वेचाळीस टक्के मते पडली. एवढ्या मतांत विधानसभा जिंकता येते. कौल जिंकता येत नाही.

आता खरी गोष्ट पुढे आहे. पक्षाच्या नावातली मागणीच लोकांनी नाकारली होती. भाऊसाहेब संपले, असे बोलणारे पणजीत पुष्कळ होते. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, विधानसभेची निवडणूक झाली. मगोला १६ जागा. युनायटेड गोवन्सला १२. आकडे १९६३ चेच. ज्या लोकांनी त्यांच्या स्वप्नाला नाही म्हटले, त्यांनीच त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवले. ५ एप्रिल १९६७ रोजी ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. आमच्या काकांनीही जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये सिंहावर. वडिलांनी कारण विचारले तेव्हा काका म्हणे नुसते हसले.

भाऊसाहेबांनी कौल मानला. मनातून दुखावले असतील, पण निकालाविरुद्ध लोकांना रस्त्यावर उतरवले नाही. पक्षाचे नाव बदलले नाही, पण कामाचा रोख गोव्याच्या आतल्या प्रश्नांकडे वळवला. शाळा, वीज, रस्ते. मांडवीवरचा पहिला पूल त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १९७० साली कला अकादमी उभी राहिली आणि त्याच सुमारास त्यांच्या नावाचा फुटबॉल करंडक सुरू झाला. फुटबॉल हा सासष्टी-बार्देशचा, दोन पानांच्या मुलखाचा जीव की प्राण. तिथल्या मैदानांवर त्यांचे नाव असे पोहोचले.

त्यांचा कारभार एकहाती होता. मर्जी सांभाळावी लागे, आणि दरबारी माणसे आली की बंडही येते. १९७० साली त्यांच्याच पक्षातल्या काही आमदारांनी बंड केले. सरकार तरले, पण घाव राहिला. दोन वर्षांनी मतदाराने मात्र बंडाला भीक घातली नाही. १९७२ च्या निवडणुकीत मगोच्या जागा १६ वरून १८ झाल्या आणि युनायटेड गोवन्सच्या १० वर आल्या. मडकईत काय झाले ते सांगायला नकोच.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ६२, मुख्यमंत्रिपदावर असताना. श्रावण चालू होता, चवथीला तीन आठवडेही उरले नव्हते. त्या वर्षी माटोळी बांधताना आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही, आणि त्या शांततेत वडील आणि काका दोघेही होते. भाऊसाहेबांच्या मागून कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक करणारी कूळ कायद्याची दुरुस्ती १९७६ साली त्यांच्या काळात झाली. वडिलांनी धरलेला धागा मुलीने पुढे नेला. मगोची सत्ता १९७९ पर्यंत टिकली. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाला, म्हणजे दोन पानांची वाट पूर्ण झाली.

मडकईने पुढे बरेच पाहिले. १९८९ साली तिथून रवी नाईक आले, १९९४ साली भाजपचे श्रीपाद नाईक. १९९९ पासून सुदिन ढवळीकर तिथले आमदार आहेत. पक्ष मगो, चिन्ह सिंह. मुख्यमंत्र्यासाठी मोकळी केलेली ही एक जागा विलीनीकरण विस्मृतीत गेल्यावरही भाऊसाहेबांच्या पक्षाकडे राहिली आहे.

त्यांची समाधी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर आहे. संध्याकाळी भेळ खायला येणारी पोरे तिच्या बाजूनेच वाळूत उतरतात. वडील हयात असेपर्यंत दर १२ ऑगस्टला तिथे फुले वाहायला जात. शेवटची दोन वर्षे त्यांच्याने चालवत नव्हते, तेव्हा हाताला धरून नेत ते काका.