वाल्देमार पॉल्सन : तारेवरच्या आवाजापासून टेपवरच्या बॅकअपपर्यंत

पेन ड्राइव्ह आणि क्लाउडच्या जमान्यात टेपवर कोण लिहितंय, असं तुम्ही म्हणाल. पण मोठमोठी डेटा सेंटर्स आजही जुना डेटा टेपवरच ठेवतात. सेमिनारसाठी मी 'टेप ड्रायव्हर' हा विषय घेतला आणि शोधता शोधता थेट डेन्मार्कला पोहोचलो, वाल्देमार पॉल्सन या माणसापाशी.

पॉल्सनचा जन्म २३ नोव्हेंबर १८६९ चा, कोपनहेगनमधला. वडील न्यायाधीश. हा मात्र टेलिफोन कंपनीत तांत्रिक कामाला लागला. तिथे त्याला एक प्रश्न छळू लागला : फोन वाजला आणि घरी कुणीच नसेल तर निरोप कुठे ठेवायचा? १८९८ मध्ये त्याने उत्तर शोधलं. ड्रमवर पोलादी तार गुंडाळली, तिच्यावरून छोटा विद्युतचुंबक फिरवला आणि त्याला मायक्रोफोनचा प्रवाह दिला. आवाज जसा बदलेल तशी तार कमीजास्त चुंबकित झाली. तोच चुंबक पुन्हा सुरुवातीपासून फिरवला की आवाज परत ऐकू येई! यंत्राचं नाव टेलिग्राफोन.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांचा आवाज टिपला. ते ध्वनिमुद्रण आजही शाबूत आहे. १९०३ मध्ये अमेरिकेत कंपनीही निघाली, पण अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, आवाज कानाला रिसीव्हर लावूनच ऐकावा लागे. धंदा काही चालला नाही. पॉल्सन रडत बसला नाही. त्याने रेडिओसाठी 'पॉल्सन आर्क' बनवला आणि नाव कमावलं. १९४२ मध्ये तो गेला. १९५१ मध्ये युनिव्हॅक संगणकाने धातूच्या टेपवर डेटा लिहिला, ते बघायला तो नव्हता.

आता ड्रायव्हरकडे येऊ. पॉल्सनच्या तारेचा स्वभाव टेपमध्ये तसाच उतरलाय. हार्ड डिस्कसारखी इथे हवी तिथे उडी मारता येत नाही, ओळीनेच जावं लागतं. गंमत म्हणजे लिनक्समधल्या टेप ड्रायव्हरचं नावच 'एसटी' आहे, स्कझी टेपचं छोटं रूप! आणि तो वागतोही आपल्या एसटीसारखा. डेटाचे ब्लॉक ओळीने लिहितो, फाइल संपली की खूण टाकतो. ही खूण म्हणजे थांब्याची पाटी. काम संपवून फाइल बंद केली की टेप पार सुरुवातीला गुंडाळून आणतो, म्हणजे गाडी डेपोत परत. त्याच ड्राइव्हचं दुसरं नाव 'एनएसटी'. ही मुक्कामी गाडी, जिथे पोहोचली तिथेच थांबते. दोन बॅकअप एकामागे एक घ्यायचे असतील आणि पहिलंच नाव वापरलं, तर दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो. एररसुद्धा येत नाही!

दुसरी गोष्ट वेगाची. टेप सलग धावायला हवी. संगणकाकडून डेटा हळू आला तर ती थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. यात वेळही जातो आणि टेपही झिजते. म्हणून ड्राइव्हच्या बफरमध्ये डेटा आधी साठतो. पण त्यामुळेच 'लिहून झालं' असा निरोप आला तरी शेवटचा डेटा बफरमध्येच असू शकतो. खूण टाकताना ड्रायव्हर बफर रिकामा करायला लावतो, आणि राहिलेली एरर तेव्हा कळते. त्याआधीच लाइट गेली तर? आपल्या परभणीत हा प्रश्न मला कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ड्रायव्हरला फक्त ब्लॉक कळतात. त्यात कुणाचे मार्क आहेत, कुणाचा फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, हे त्याला माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग सुमारे सातशे वर्षं टिकले, कारण लोक ते म्हणत राहिले, उतरवून घेत राहिले. कपाटात ठेवून कुणी निश्चिंत झालं नाही. पॉल्सननेही तार परत फिरवून ऐकली, तेव्हाच त्याला कळलं की आवाज खरोखर उमटलाय.

तेव्हा दोस्तहो, बॅकअप घेतलात ना? मग आजच तो एकदा रिस्टोअर करून बघा. सबमिशनच्या आदल्या रात्री नको!