उन्हाचे इंधन शोधणारे शास्त्रज्ञ चामिचान

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हाला थोर माणसांची चरित्रे लिहायला सांगितली. बाईंनी एकदा वर्गात इटली देशातल्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली होती. ती मला फार आवडली, म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहीत आहे.

त्यांचे नाव जाकोमो चामिचान. नाव अवघड आहे. मला पाठ करायला दोन दिवस लागले.

चामिचान यांचा जन्म १८५७ साली त्रिएस्ते या समुद्रकाठच्या शहरात झाला. त्यांचे घराणे मूळचे आर्मेनियातले. ते शिकायला व्हिएन्नाला गेले आणि पुढे जर्मनीत १८८० साली डॉक्टर झाले. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत बरं का, तर अभ्यासाचे डॉक्टर. १८८९ साली ते इटलीतल्या बोलोन्या शहरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले.

त्या काळी सगळीकडे दगडी कोळसा जाळत. आगगाड्या कोळशावर, कारखाने कोळशावर. चिमण्यांतून काळा धूर निघे. चामिचान यांना वाटे, हा कोळसा एक दिवस संपणार. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेले ऊनच आहे. म्हणजे आपण जुनी साठवण खातोय आणि रोजचे ऊन वाया घालवतोय. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला आमची धान्याची कणगी आठवली. नवीन धान्य घातलं नाही तर कणगी रिकामी होणारच!

मग चामिचान यांनी एक गंमतच केली. आपल्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर त्यांनी काचेच्या बाटल्या आणि नळ्या रांगेने उन्हात ठेवल्या. पॉल सिल्बर नावाचे त्यांचे सोबती होते. बाटल्यांत वेगवेगळी द्रव्ये भरून उन्हाने काय बदल होतो ते दोघे बघायचे. शहाजिऱ्याच्या आणि शेपूच्या तेलात कार्वोन नावाचे द्रव्य असते. ते त्यांनी सुमारे वर्षभर उन्हात ठेवले, तेव्हा त्याचे निराळेच द्रव्य झाले. हे त्यांनी १९०८ साली जाहीर केले. विस्तव नाही, धूर नाही, नुसतं ऊन! वर्षभर वाट बघायची म्हणजे केवढा धीर. मी तर उन्हात घातलेले पापड वाळले का म्हणून दर घटकेला बघते.

१९१२ साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तिथे मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर त्यांनी भाषण केले. झाडे ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न बनवतात. झाडांची ही विद्या माणसानेही शिकावी, असे त्यांनी सांगितले. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून उन्हाने मिथेन वायू बनवता येईल, असे त्यांना वाटत होते. आपल्याकडे गोबरगॅसमध्ये असतो तोच हा वायू. जिथे पीक येत नाही अशा कोरड्या जमिनीवर काचेच्या नळ्या उभ्या राहतील आणि धुराशिवाय कारखाने चालतील, हे त्यांचे स्वप्न होते. हे ऐकून मला आमच्या शाळेमागचा माळ आठवला. तिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही, पण ऊन मात्र भरपूर.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि दोघांचे एकत्र काम थांबले. नोबेल पारितोषिकासाठी चामिचान यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. उन्हाचे इंधन बनलेले त्यांना बघायला मिळाले नाही. २ जानेवारी १९२२ रोजी ते बोलोन्यात वारले. तिथल्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला आज त्यांचेच नाव आहे.

पण काम पुढे चालू राहिले. १९७२ साली जपानमधल्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. हायड्रोजन जळला की नुसते पाणी होते, धूर होत नाही. पण टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा असतो. तो उन्हाचा थोडाच भाग पकडतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याला रंगद्रव्य लावतात. रंग ऊन पकडतो आणि ती शक्ती पुढे देतो. पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, हेच काम करतो.

बाईंनी आम्हाला दोन पांढऱ्या बशांत पाणी घेऊन उन्हात ठेवायला लावले. एका बशीत शाई घातली होती. तासाभराने शाईचे पाणी जास्त गरम झाले. तेव्हा मला कळलं, की रंग ऊन धरून ठेवतो.

असे इंधन अजून स्वस्तात बनत नाही. रंग लवकर खराब होतो, खर्चही फार येतो. शास्त्रज्ञ अजून खटपट करत आहेत.

आमच्या घरी सिलिंडर आहे, पण तो संपला आणि पैसे नसले की आजी चूल पेटवते. ओलं सरपण असलं की घरभर धूर होतो. आजी खोकते, तिच्या डोळ्यांतून पाणी येते. मी फुंकणीने फुंकते तेव्हा मला बोलोन्याच्या गच्चीवरच्या बाटल्या आठवतात. उन्हाचे इंधन लवकर निघावे असे मला वाटते. मोठी झाल्यावर मीही गच्चीवर बाटल्या ठेवणार आहे. आमच्या घराला गच्ची नाही, पण शाळेला आहे.

आपले काम आपल्या हयातीत पूर्ण झाले नाही तरी ते सुरू करावे, हे मी चामिचान यांच्याकडून शिकले. अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी