चिंतामणरावांचा राजीनामा

निवडून आलेल्या माणसाने लोकांच्या कलाने चालावे की स्वतःच्या बुद्धीने, हा वाद जुना आहे. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांसमोर बुद्धीचा पक्ष घेतला आणि १७८० साली त्यांची मर्जी गेल्याने त्याला तेथून माघार घ्यावी लागली. महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांच्या चरित्रात तीव्रतेने उभा राहिला, ते चिंतामणराव देशमुख मात्र राजकारणी नव्हतेच.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद. ही सारी वाट लोकमताच्या वाऱ्यापासून दूरची होती. १९५० साली ते अर्थमंत्री झाले. लोकांसमोर ते आले त्यानंतर, १९५२ साली, कुलाब्यातून काँग्रेसतर्फे.

अर्थमंत्री या नात्याने त्यांनी लोकमताची फारशी वाट पाहिली नाही. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारच्या हाती आला तो गुप्तपणे सिद्ध केलेल्या वटहुकुमाने. आधी बोभाटा झाला असता तर विमेदारांच्या पैशाला वाटा फुटल्या असत्या, हे उघड आहे. आर्थिक कारभारात असे प्रसंग येतात, आणि तेथे मत विचारीत बसणे हीच बेजबाबदारी ठरते.

परंतु त्याच आठवड्यात मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबई पेटली, गोळीबारात माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा पंतप्रधानांच्या हाती ठेवला; तो लगेच स्वीकारला गेला नाही. अंदाजपत्रक त्यांनीच मांडले. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईतच तो निर्णय पुन्हा घोषित केला आणि जुलैत चिंतामणराव बाहेर पडले. मधला काळ जरा लांबलाच, असे म्हणावे लागते.

त्यांच्या लोकसभेतील निवेदनाकडे मात्र बारकाईने पाहावयास हवे. मराठी जनता संतप्त आहे, एवढ्यावर त्यांनी भागविले नाही. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे आक्षेप होते. म्हणजे लोकमत आणि स्वतःचा निवाडा येथे एका जागी आले होते. तरीही त्यांनी जबाबदारी घेतली ती स्वतःच्या निवाड्याची.

यशवंतराव चव्हाणांनी दुसरी वाट धरली. लोकमत विरुद्ध असताना ते पक्षाबरोबर राहिले, नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात पक्षाची झालेली वाताहत त्यांनी पाहिली, आणि पुढे पक्षश्रेष्ठींचे मन वळवून १ मे १९६० चा दिवस जवळ आणला. आत राहून साधले ते मोलाचे होते, हे नाकारता येणार नाही. पण आत राहणाऱ्याला बळ आले ते बाहेरच्या रोषामुळेच, आणि त्या रोषाला दिल्लीत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत चिंतामणराव अग्रभागी होते.

पुढे ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ साली स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. खासदार-आमदारांनी पक्षादेश बाजूस ठेवून सदसद्विवेकाने मत द्यावे, असे आवाहन पंतप्रधानांनीच केले होते ती ही निवडणूक. गिरी निवडून आले, रेड्डी दुसरे राहिले. चिंतामणराव तिसरे.