हॅरी नायक्विस्ट

हॅरी नायक्विस्ट (७ फेब्रुवारी, १८८९ - ४ एप्रिल, १९७६) हे स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकन विद्युत अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ होते. तारायंत्राच्या संदेशवहनाविषयीचे त्यांचे संशोधन पुढे अंकीय ध्वनिमुद्रणाचा एक आधार ठरले.

जीवन

नायक्विस्ट १९०७ साली अमेरिकेत स्थलांतरित झाले. नॉर्थ डकोटा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीतील पदवी (१९१४) व पदव्युत्तर पदवी (१९१५) मिळवली. १९१७ मध्ये येल विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन ते अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीत रुजू झाले. १९३४ पासून १९५४ मधील निवृत्तीपर्यंत ते बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये कार्यरत होते.

संशोधन

एखाद्या वाहिनीच्या वारंवारता-पट्ट्याच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक स्वतंत्र स्पंद दर सेकंदाला त्या वाहिनीतून पाठवता येत नाहीत, हे त्यांनी १९२८ साली मांडले. हा विचार तारायंत्रापुरता होता. अखंड लहरीचे नमुने घेण्याचा प्रश्न त्यात नव्हता. नमुन्यांविषयीचे प्रमेय व्लादिमिर कोतेल्निकोव्ह (१९३३) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांनी स्वतंत्रपणे मांडले. तरी त्याला नायक्विस्ट यांचेही नाव जोडले गेले. वाहकांतील औष्णिक गोंगाटाची उपपत्ती (१९२८) व पुनर्भरण प्रणालींच्या स्थिरतेचा निकष (१९३२) हीदेखील त्यांची महत्त्वाची कामे होत.

शिखरपातळीच्या मापनाशी संबंध

लहरीतील सर्वोच्च वारंवारता नमुना-दराच्या निम्म्याहून कमी असल्यास नमुन्यांवरून मूळ लहर पूर्णपणे परत मिळवता येते. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ध्वनीची शिखरपातळी शोधण्याची सोपी रीत म्हणजे प्रत्येक नमुन्याचे चिन्ह वगळून सर्वांत मोठे मूल्य टिपणे. पडद्यावरील चौकटी रेषांनी जोडून ध्वनिप्रक्रिया रचण्याच्या मॅक्स, प्युअर डेटा यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही रीत सहज उभारता येते. मात्र लहरीचे शिखर दोन नमुन्यांच्या मध्येही येऊ शकते. नमुना-दराच्या एकचतुर्थांश वारंवारतेच्या साइन लहरीचे नमुने शिखरापासून ४५ अंशांवर पडले, तर प्रत्येक नमुना शिखराच्या सुमारे ०.७०७ पट भरतो आणि मापन सुमारे ३ डेसिबलने कमी येते. अशा मापनावर विसंबून पातळी कमाल मर्यादेपर्यंत वाढवल्यास ध्वनी परत अखंड होताना विकृत होऊ शकतो. म्हणून अचूक मापनासाठी मधली मूल्ये गणिताने काढली जातात.

सन्मान

इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सने १९६० साली त्यांना मानपदक दिले. नमुना-दराच्या निम्म्या वारंवारतेस ‘नायक्विस्ट वारंवारता’ म्हणतात.